डोलीचा पुढचा खांदा

पासष्टच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुण्याच्या इस्पितळात लाकडी पाय बसवला. मी पलटणीत नव्या जवानांना बंदूक शिकवणारा हवालदार. माझं काम हातांचं, डोळ्यांचं आणि सगळ्यात जास्त घशाचं. तरी फौजेच्या वैद्यकीय बोर्डावरचे डॉक्टर म्हणाले, "पेन्शन घे, घरी जा." माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तळपाय तरी एकच उरला होता. मी पाय दिला होता, नोकरी नव्हती दिली.

आमचे कर्नलसाहेब माझ्या बाजूचे. जखमी माणसाला झेपेल त्या कामावर ठेवता येतं, म्हणाले, पण पुढच्या बोर्डासमोर नीट चालून दाखवावं लागेल. तोवर सुट्टी. "डोंगरातला आहेस, पायाला डोंगर शिकव."

वेल्ह्याला एसटीतून उतरलो, तर समोर आमच्या पासली गावची माणसं डोली घेऊन उभी. डोली म्हणजे बांबूला बांधलेली घोंगडी. आजारी माणूस, अडलेली बाई त्यातून रस्त्याला आणायची. थोरले चुलते म्हणाले, "बस रं लेकरा, आमी हाय न्हवं."

मायेनंच आले होते बिचारे, पण माझं डोकं फिरलं. "म्या काय मेलोय व्हय?" म्हणालो आणि चालू लागलो. डोलीत माझी ट्रंक बसली आणि ऐटीत घरी गेली. मी दिवेलागणीला पोचलो, खुंट रक्तानं माखलेला.

मग गावानं मला पारावर बसवलं. आवणी सुरू झाली. सारा गाव भातखाचरात, आणि मला कुणी रोपांची एक मूठ उचलू देईना. चहा तेवढा वेळेवर यायचा. त्या चहाचा मला फार राग यायचा. मी रोज बांधांवरून चालायचो, पडायचो, शिव्या घालत उठायचो.

अशात शेजारची वैनी अडली. सुईण म्हणाली, दवाखाना गाठा. वरच्या आळीत गडी म्हणून वैनीचा नवरा आणि मी. बाकी सगळे पार खालच्या खाचरांत. डोलीला दोन खांदे तर हवेतच. मी पुढचा बांबू उचलला.

वैनी कळांतूनही ओरडली, "भावजी, तुमी पडाल, आन मलाबी पाडाल!"

"वैनी, म्या सुरुंगावर पाय दिलाय. हितं नुसता चिखल हाय. गप पडा."

खरं सांगतो, घाबरलो होतो. लाकडी पाय आधी टेकवायचा, धरतोय का बघायचं, मगच भार टाकायचा. असं करत ओढ्यापर्यंत उतरलो, तेव्हा खालून गडी धावत आले. चुलत्यांनी बांबूला हात घातला.

"मागचा खांदा बदला," मी म्हणालो. "पुढचा माझा."

खालच्या रस्त्याला जीप मिळेपर्यंत पुढचा खांदा माझाच राहिला. वेल्ह्याच्या दवाखान्यात वैनीला मुलगी झाली. चुलते डोळे पुसत म्हणाले, "उद्या ये खाचरात. लई बसलास."

सुट्टी संपली, बोर्ड बसलं. कर्नलसाहेबही येऊन बसले होते. मी चालून दाखवलं. त्याच डॉक्टरांनी विचारलं, "ओझं घेऊन चालता येईल?"

"येतं साहेब. डोंगरातून दोन जीव उतरवलेत." मग सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांनी कर्नलसाहेबांकडे पाहिलं आणि दोघेही हसले.

"जा, जवान वाट बघतायत तुझी," डॉक्टर म्हणाले.

मी टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. लाकडी टाच अशी खाडकन वाजली, की बाहेरचा संतरी आत डोकावला.