पदराआडून बोलणारी

फोन वाजला की ती आधी पदर डोक्यावरून पुढे ओढायची, फोन पदराच्या आत घ्यायची, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "थांबा वं बाई, पोरीले बोलावते."

नवी नवरी सासऱ्यासमोर उभी राहावी तशी. साठीची बाई, पाठीत वाकलेली, अंबाड्यात मूठभर पांढरे केस, आणि फोनपुढे ही लाज! मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. नंतर नाही आलं कधी.

बुलढाण्याला घाटाच्या तोंडाशी आमच्या कॉलेजचं मुलींचं वसतिगृह आहे. मी शिकवते वनस्पतिशास्त्र, पण वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझ्या गळ्यात हे लोढणं पडलं, कारण बाकी सगळ्यांना लहान मुलं होती आणि मला नव्हती. ही मावशी म्हणजे वसतिगृहाची पहारेकरीण, फाटकापाशीच्या खोलीत असायची. पहिल्या वर्षाच्या मुलींना मोबाइल वापरायची परवानगी नाही आणि इमारतीत रेंजही मिळत नाही. फक्त मावशीच्या खोलीच्या खिडकीत मिळते. म्हणून वसतिगृहाचा एक फोन त्या खिडकीत ठेवलेला. संध्याकाळी घरचे फोन येणार, मावशी मुलीला हाक मारणार, मुलगी धावत येणार, अशी सोय.

दरवर्षी पालकांच्या सभेत मला उभं करतात, वसतिगृहाविषयी पालकांनी काय जाणून घ्यावं ते सांगायला. पालक विचारतात, गरम पाणी मिळतं का, फाटक कधी बंद होतं, रविवारी गोड असतं का. अहो, विचारा की, मी कुठे नको म्हणते? पण मला जे सांगावंसं वाटतं ते त्या सभेत सांगता येत नाही. लोक मला वेड्यात काढतील. म्हणून इथे सांगते. तुम्हीही कुणाचे तरी पालक असाल, नाहीतर लेक तरी असालच.

मावशी तशी खट. मुलींना धाकात ठेवायची. कुणी ओले केस घेऊन व्हरांड्यात आली की ओरडायची, "भूत दिसून राह्यली वं माय, बांध ते झिपऱ्या!" कुणाचा मामा भेटायला आला की त्याची एवढी उलटतपासणी घ्यायची की बिचारा आपण खरंच मामा आहोत की नाही या विचारात पडायचा. गाव कोणतं विचारलं तर उंद्री म्हणायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. याच्यापलीकडे तिनं स्वतःबद्दल काही सांगितलेलं मला आठवत नाही.

त्या पावसाळ्यात मी दोन दिवस खामगावला परीक्षेच्या कामाला गेले होते. परत आल्यावर मेहकरला आईला फोन केला. मनात धाकधूक, कारण आठवडाभर मी तिला फोन केलेला नव्हता. आता बोलणी बसणार! तर आई अगदी खुशीत.

"अगं, कालच तर बोललीस. आज पुन्हा?"

"काल? मी?"

"हो मग! तुझा मोबाइल लागेना म्हणून वसतिगृहाच्या फोनवर केला. किती छान बोललीस गं. गुडघ्याचं विचारलंस, औषध घेतलं का विचारलंस. अशीच बोलत जा रोज."

मी फोन खाली ठेवला. काल संध्याकाळी मी खामगावात पेपरांच्या गठ्ठ्यांत बसले होते. चाळीस वर्षं आई माझं बोलणं ऐकतेय. माझा आवाज ती ओळखणार नाही असं कसं होईल?

दुसऱ्या दिवशी फोनच्या वेळेला मी मावशीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. घाटातून धुकं वर चढत होतं, खिडकीच्या गजांतून आत येत होतं. फोन वाजला. मावशीनं पदर ओढला, भिंतीकडे वळली, म्हणाली, "थांबा वं बाई, पोरीले बोलावते." मग तिनं हाकच मारली नाही. जागची हललीसुद्धा नाही. थोडं थांबली, नुसता श्वास घेतला, आणि पदराच्या आतून एक अठरा वर्षांची मुलगी बोलायला लागली.

"हाव आई, जेवली मी. भेंडीची भाजी होती. तू काऊन काळजी करून राह्यली?"

देवाशप्पथ सांगते, ती नक्कल नव्हती. नक्कल करणारी माणसं आवाज काढतात. हिच्या आत कुणीतरी येऊन बोलत होतं. वाकलेली पाठ तीच, पांढरा अंबाडा तोच, आणि त्या पाठीतून कोवळं हसणं ऐकू येत होतं. मी दाराची चौकट घट्ट धरली. फोन संपल्यावर ती वळली, मला पाहिलं, आणि अजिबात दचकली नाही.

"मावशी, हे काय चाललंय?"

"काय करू मॅडम? हाका मारून घसा सुकला, पोरी येत नाईत. आता मारतच नाई. म्हणतात, मावशी आज तूच बोल. तिकडं माय फोन धरून बसेल असते. मंग बोलतो दोन सबूद."

"आणि त्यांना कळत नाही?"

"कसं कळन? जेवली का, अभ्यास सुरू हाय का, काही पाहिजे का. तीनच तर गोष्टी इचारतात. पोरी बी तेच सांगत. हाव, हाव, नाई." तिनं फोन खिडकीत ठेवला. "मले आई म्हणणारं कोणी नाई. पण मी रोज कोणाले ना कोणाले आई म्हणतो. बरं वाटते."

मला तिचा भयंकर राग आला होता. तरी विचारलंच, "माझाही आवाज काढलास ना? आता काढून दाखव."

"असा नाही निघत. समोर माय असली तरच निघते."

मी तिला खडसावलं, हे आजपासून बंद म्हणून सांगितलं. ती हळूच म्हणाली, "बाकीच्या पोरी ठीक हायेत मॅडम. फक्त आळस करतात. पण त्या वरवट बकाल गावच्या पोरीले पाहा. राखीपासून ते घरी बोललीच नाई. सारं मीच बोलून राह्यली."

वैष्णवी. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायची. मी तडक वर गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पांघरुणातून तिचा हात बाहेर आला होता, नुसतं हाड. खोलीतल्या दुसऱ्या मुलीनं सांगितलं, वैष्णवी वर्गात येत नाही, मेसमध्ये येत नाही, परवा भर दुपारी धुक्यात गच्चीच्या कठड्याशी उभी होती, हात धरून खाली आणली. "आम्हाला वाटलं, घरी माहीत असेल. तिच्या आईचा रोज फोन येतो ना."

खरंच रोज येत होता. पोळ्याला पोरगी का आली नाही, तर परीक्षा आहे. महालक्ष्म्यांना का नाही, तर प्रॅक्टिकल आहे. ही उत्तरं मावशीनं दिली होती, वैष्णवीच्या गळ्यानं, लाडात येऊन, आईचं मन राखायला. पोरीचं दुःख घरी पोचायला एकच वाट होती, त्या खिडकीची, आणि त्या वाटेवर ही माऊली गोड बोलत उभी होती. कप्पाळ माझं! कुणाला दोष द्यायचा?

मी वैष्णवीला धरून खाली आणलं. म्हटलं, आज तू स्वतः बोलायचंस, जे वाटतं ते सांगायचंस. कोणी रागावणार नाही. मावशी कोपऱ्यात उभी होती. मी नंबर लावला आणि फोन वैष्णवीच्या हातात दिला. बऱ्याच दिवसांत बोलली नसल्यामुळे तिचा घसा बसलेला होता.

"आई, मले घरी ने. मले इथं नाही राहायचं आई."

फोनचा स्पीकर सुरू होता. पलीकडून तिची आई म्हणाली, "कोण बोलून राह्यलं?"

"मी, आई. वैष्णवी."

"काय चेष्टा लावली वं? माझी पोरगी अशी नाही बोलत. कोण हाय तू? माझ्या वैष्णवीले दे फोन!"

त्या खोलीत आम्ही तिघी होतो. पण मला तेव्हा वाटलं, आणखी कोणीतरी आहे तिथे, आणि त्या बाईची खरी लेक तीच आहे. वैष्णवी रडली नाही. तिनं शांतपणे फोन मावशीपुढे धरला.

"मावशी, तू बोल. तुले ओळखते ते."

मावशी मागे सरकत भिंतीला टेकली. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती मान हलवत होती, नाही, नाही. मी फोन ओढून घेतला आणि काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. मी रेक्टर बोलतेय, ही तुमचीच मुलगी आहे, पहिल्या गाडीनं निघून या.

सकाळी वैष्णवीचे आई-वडील आले, नांदुऱ्याहून गाडी बदलून. आईनं वैष्णवीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळावरून, गालांवरून बोटं फिरवली, अंधारात चाचपडावं तसं. मग तिथेच फरशीवर बसून हंबरडा फोडला. "मी ओळखलं नाई वं तुले! माय असून ओळखलं नाई!" वैष्णवीही तेव्हा रडली. तिला रडताना पाहून माझा जीव भांड्यात पडला. ते तिला घेऊन गेले, अकोल्याला डॉक्टरांना दाखवलं, आणि ती हळूहळू सावरायला लागली.

निघताना तिच्या आईनं विचारलं होतं, "माझ्याशी बोलायची ते बाई कुठी हाय? मले पाहायची हाय." आम्ही खोलीत जाऊन पाहिलं. किल्ली खिळ्याला लटकत होती, अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. मावशी गेली होती. फाटकातून जाताना तिला कोणी पाहिलं नाही.

त्यानंतर काय झालं असेल, ओळखा. पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या! मॅडम, पोरगी पहिल्यासारखी बोलत नाही. मॅडम, आजकाल तोडून बोलते. एक वडील तर म्हणाले, तुमच्याकडे काहीतरी बिघडलंय. मी काय सांगणार? म्हटलं, दादा, आता तुमची मुलगी बोलतेय. तिला भेंडी आवडते का एवढं तरी विचारून पाहा. आणि माझ्या आईला मी रोज फोन करायला लागले, तर ती म्हणते कशी, "बरी आहेस ना? तेव्हा किती गोड बोलली होतीस."

दसऱ्यानंतर वैष्णवीच्या आईचा मला फोन आला. पोरगी बरी आहे, दोन घास खाते, मळ्यात जाते, असं सगळं सांगून झालं. मग अडखळत म्हणाली, "मॅडम, त्या बाईचा लई राग आला होता. पण रोज मले आई म्हणे ना ते. आता सांजच्याले करमत नाई. दिवाळीले तिले माहेराले येजो म्हणा. मी लुगडं घेऊन ठेवलं हाय."

वैष्णवीच्या आईचं वय चाळीस. साठीच्या लेकीला माहेरी बोलावत होती.

निरोप द्यायला मी उंद्रीला गेले. चार घरी चौकशी केली. तशी बाई कोणाला माहीत नव्हती. एका ओट्यावरच्या आजीबाईंनी विचारलं, "बोले कशी ते? आवाजावरून सांगतो." मी तोंड उघडलं आणि गप्प झाले. तिनं काढलेले सगळ्या मुलींचे आवाज मला आठवत होते, पण तिचा स्वतःचा आवाज काही केल्या आठवेना. आजही आठवत नाही. तिची वाक्यं मी तुम्हाला इथे सांगितली, पण ती माझ्या कानात तिच्या आवाजात नाहीत.

दिवाळीत मी मेहकरला होते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वरवटहून फोन आला. वैष्णवीची आई कुजबुजत बोलत होती.

"मॅडम, तुम्ही निरोप देला का तिले?"

"नाही हो. ती सापडलीच नाही."

"मंग काल फोन आला होता. पोरगी माझ्यासमोर बसेल होती, करंज्या भरत. आन फोनात बी तेच बोलून राह्यली. तोच आवाज, आई म्हणे. वैष्णवीनं बी ऐकला. तिच्या हातातली करंजी खाली पडली."

मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? जे रोज इचारो तेच इचारलं. म्हटलं, जेवली का वं बाई?"

"मग?"

"म्हणे, नाही आई, नाही जेवली. आन फोन बंद झाला. किती बार लावला, लागतच नाई. मॅडम, मी कालपासून ताट वाढून ठेवलं हाय. यांच्याले सांगितलं, फाटकाची कडी लावू नका."