हिरव्या कणांना काढलेले बाण

आमच्या प्रयोगशाळेत काहीही बिघडलं की दोष भिंतीपलीकडच्या यंत्रमागांचा, असा रिवाजच पडून गेला आहे. तराजूचा काटा हलला, माग. स्लाइडवरची काच सरकली, माग. एकदा परीक्षेत मी स्वतःच चुकीचा नमुना मांडला होता, तेव्हाही बिनदिक्कत मागांवर ढकलून मोकळी झाले. सोलापुरात ही सबब कुणीही मान डोलावून ऐकून घेतं.

त्या दिवशी अकरावीच्या जीवशास्त्राच्या जर्नलवर सह्या करण्याचा शेवटचा दिवस होता. सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे टेबलावर जर्नलांचा ढीग आणि माझा हात यंत्रासारखा चाललेला. आकृत्या सगळ्या सारख्या, कारण साऱ्या वर्गाने बारावीच्या एकाच मुलीच्या जर्नलवरून उतरवलेल्या. मला ते ठाऊक होतं. माझ्या वेळी मीही तेच केलं होतं, आणि वर ‘सुंदर’ असा शेरा मिळवला होता.

एका जर्नलवर मात्र हात थांबला. फिश टँकमधल्या पाणवनस्पतीच्या पानाच्या पेशी होत्या. चौकटी बऱ्या जमल्या होत्या, पण आतल्या प्रत्येक हिरव्या कणाला, म्हणजे हरितलवकाला, शेजारी एक बाण काढलेला. सगळे बाण भिंतीच्या कडेकडेने, एकाच दिशेला. मी लाल पेनाने लिहिलं, ‘आकृती पुस्तकाप्रमाणे काढा’, आणि जर्नल परत केलं.

“मॅडम, पर ते पळायलेत की,” मुलगी म्हणाली. तिच्या घरचे सगळे मोडनिंबहून शहरात आलेले, वडील त्याच पलीकडच्या मागांवर कामाला.

“मागांनी टेबल हलतं, म्हणून तसं दिसतं.”

“मग पेशीची भिंत का न्हाय हलत?”

मला चीड आली. बाहेर अजून वीस मुली रांगेत होत्या. “परीक्षेला बसायचंय ना? मग दुसरी काढून आण.”

ती जागची हलली नाही. डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. “दिसलं ते काढलंय वो मॅडम. खोटं कसं काढू?” मग तिने घड्याळाकडे पाहिलं. “साडेबाराला जेवायच्या सुट्टीत माग थांबत्यात. तवा तुमी बघा. कण थांबले तर मी आकृती बदलते. न्हाय थांबले तर सही करा.”

निरीक्षण, अंदाज, पडताळा, निष्कर्ष. दरवर्षी जूनमध्ये मी हे चार शब्द फळ्यावर लिहिते आणि मुली ते पाठ करतात. माझ्यासमोर उभं राहून पडताळा आजवर कुणी मागितला नव्हता. मी उठले, ते खरं सांगायचं तर तिची जिरवायला.

तिने खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक ठेवला, ताजं पान लावलं, आरसा उजेडाकडे वळवला. साडेबाराला पलीकडचा खडखडाट एकदम बंद पडला. इतकी शांतता की कान भांबावले. मी भिंगाला डोळा लावला.

कण चालले होते. एकामागून एक, पेशीच्या कडेकडेने, कोपऱ्याशी जरा घोटाळत आणि पुन्हा वाट धरत. शेजारच्या पेशीत तेच. तिच्या पलीकडे तेच. नखाएवढं पान, आणि त्यात जिकडे बघावं तिकडे ही वर्दळ. कुणी ढकलत नव्हतं, कुणी हलवत नव्हतं. प्रत्येक वर्गापुढे मी हे पान मांडत आले होते. स्वतः मात्र ‘दिसतंय ना?’ एवढं विचारण्यापुरती वाकले होते.

“मॅडम, थांबले का?” तिने दबक्या आवाजात विचारलं.

“नाही गं.” मी भिंगावरून डोळा न काढता म्हटलं.

मी लाल शेरा खोडला, खाली सही केली आणि जर्नल तिच्या हातात दिलं. रांगेतल्या मुली ताटकळत होत्या. त्यांना थांबा म्हटलं आणि पुन्हा भिंगावर वाकले. सोळा वर्षं मी फळ्यावर ‘पेशी सजीव असते’ असं लिहीत आले होते. ती खरोखर जिवंत असते, हे मी पहिल्यांदा बघत होते.