न फोडलेलं कुलूप

आमच्या धाकट्या भाऊजींचं आणि सरकारचं कधी पटलं नाही. भांडण झालं होतं असंही नव्हे. सरकारला हे गृहस्थ आहेत याचाच पत्ता नव्हता. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान, वर आमचा संसार. लग्न केलं नाही, त्यामुळे दोन्ही वेळा ताट आमच्याकडेच. आणि ताटावर बसले की एकच पालुपद.

"वहिनी, माणसाला राखणदार लागतो ही राखणदारांनीच उठवलेली आवई आहे. उद्या सरकार नाहीसं झालं ना, तर लोक चार दिवस बावरतील आणि मग गुण्यागोविंदाने राहायला लागतील."

"मग तुमच्या कुलपांना कोण विचारील?" मी म्हणायची.

"कुलूप चोरासाठी नसतंच. चोर काय, कडीच उचकटतो. कुलूप आपल्या मनाच्या समाधानाला."

आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, या वादात पडत नसत. ते कुठल्याच वादात पडत नसत. माझ्या नवऱ्याचा स्वभाव भिडस्त आहे असं सगळे म्हणतात. मी त्याला दुसरा शब्द वापरते, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

भाऊजींच्या हातात मात्र कला होती. कोणाची किल्ली हरवली की दोन तारा घेऊन जायचे, जरा वेळ कुलपाशी कुजबुजल्यासारखं करायचे आणि कुलूप आपसूक उघडायचं. "ओरखडा दाखवा आणि माझे कान कापा," असं म्हणायचे. पण उघडण्याआधी अट असायची. घर याच माणसाचं आहे असं दोन शेजाऱ्यांनी समोर उभं राहून सांगायचं. कोणी कागद पुढे केला तर बघायचेही नाहीत. "कागद कोणीही करून आणतो. शेजाऱ्याला उद्या तोंड दाखवायचं असतं." त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यावर उभं होतं, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते पटायचं.

मग सरकार पडलं. सरकारं पडायची आम्हाला सवय होती. एक पडलं की दुसरं उठायचं. हे पडलं ते उठलंच नाही. राजधानीत कोण कोणाशी लढत होतं हे आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. एका सकाळी नाक्यावरच्या चौकीचा हवालदार साध्या कपड्यांत दुकानात आला, चौकीची किल्ली भाऊजींसमोर ठेवली आणि म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे. मी घरी चाललो." भाऊजींनी ती खिळ्याला अडकवली आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

पहिले काही महिने त्यांचंच खरं झालं. लोकांनी भीतीने खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, त्या काढून टाकल्या. गल्लीने पाण्याच्या पाळ्या लावल्या, कचरा उचलला, गस्त घातली. संध्याकाळी वखारीच्या अंगणात बैठक बसायची. मोठ्या कुटुंबांनी गलका करून एकट्यादुकट्याला दाबू नये म्हणून भाऊजींनीच नियम सुचवला: एका घराचा एकच आवाज. घरातलं थोरलं माणूस बोलेल.

"म्हणजे मला आवाज नाही?" मी घरी विचारलं.

"मलाही नाही, वहिनी," ते खुशीत म्हणाले. "दादा बोलेल ना आपल्या सगळ्यांचं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पाणी पीत होते.

गल्लीच्या टोकाला शिवणबाईंचं घर होतं. एकटी बाई. अर्ध्या गल्लीच्या अंगावर तिच्या मशीनवर शिवलेले कपडे. सरकार पडायच्या थोडं आधी ती लेकीच्या बाळंतपणाला दूरच्या शहरात गेली आणि गाड्या बंद झाल्या तशी तिकडेच अडकली. जाताना भाऊजींकडून भक्कम कुलूप बसवून घेतलं होतं. किल्ली पिशवीत टाकत म्हणाली होती, "तशी गरज नाही म्हणा. शेजारी चांगले आहेत."

वखारवाले काका हे गल्लीत वयाने आणि देहाने सगळ्यांत मोठे, बोलणं मात्र लोण्यासारखं. एका बैठकीत ते म्हणाले, की पावसाळा तोंडावर आलाय, सगळ्यांचं धान्य ठेवायला कोरडी जागा हवी, आणि शिवणबाईंचं घर नुसतं पडून आहे. बाई असत्या तर त्यांनीच दिलं असतं. घरोघरचे आवाज "हो" म्हणाले. मग भाऊजींना बोलावणं आलं.

"मालकीण समोर नाही," भाऊजी म्हणाले.

"तुझी अट काय आहे?" काकांनी हसून विचारलं. "दोन शेजारी ना? इथे सगळी गल्ली उभी आहे."

भाऊजींनी एकेकाचा चेहरा बघितला. ज्यांच्याबद्दल ते इतकी वर्षं माझ्याशी हुज्जत घालत आले तीच ही माणसं. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा तर स्वतःचंच बोलणं गिळायला हवं होतं. त्यांनी तारा काढल्या. ओरखडा उठला नाही. आत जाताना सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या.

"बाई आल्या की काय सांगाल?" मी जेवताना विचारलं.

"त्याच म्हणतील, बरं केलंत," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

चंचुप्रवेश झाला की मुसळ लांब नसतं. आधी शिवणाचं मशीन निघालं. बंद ठेवलं तर गंजेल म्हणून ते काकांच्या घरी गेलं. मग काकांच्या मुलाचं लग्न झालं आणि जोडप्याला जागा पुरेना. धान्याची पोती वखारीत हलवली. वखार आधीपासूनच तेवढीच कोरडी होती, हे सगळ्यांच्या लक्षात आलं, पण बोलायचं घरटी एकानेच होतं. जोडपं शिवणबाईंच्या घरात राहायला गेलं. त्यांना नवं कुलूप हवं झालं तेव्हा भाऊजी नाही म्हणाले. बैठक बसली, सगळ्यांनी ठराव केला, आमचे हेही मान डोलावून आले. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी खाली मान घालून कुलूप बसवलं. आवाज चढला नाही, कपबशी फुटली नाही. एवढी शांत गल्ली मी जन्मात पाहिली नव्हती, आणि मला तिची शिसारी येत होती.

गाड्या सुरू झाल्या आणि शिवणबाई परत आली. बॅग दारात ठेवून तिने बराच वेळ किल्लीशी खटपट केली, मग दुकानात आली.

"भाऊ, किल्ली लागत नाही हो. मीच विसरले की काय कुठली होती ती?"

भाऊजींनी हातातली कानस खाली ठेवली, तारा घेतल्या आणि तिच्या पुढे चालू लागले. मीही मागे गेले. नवं जोडपं बाहेर गेलेलं, दाराला कुलूप. आम्ही पोचेपर्यंत गल्ली गोळा झाली. कोणीतरी बाईला खुर्ची दिली, कोणी चहा आणला.

"घाई कशाला," काका म्हणाले. "नियमाने होऊ दे. घर बाईंचं आहे असं दोन शेजाऱ्यांनी सांगावं."

"मी एक," भाऊजी म्हणाले.

"तुमच्या घराचा आवाज तुझा दादा."

"मग मी सांगते," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्हीही त्याच घरच्या."

सगळे ह्यांच्याकडे वळले. ह्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो सदराही तिनेच शिवलेला. "गल्ली ठरवेल ते," हे म्हणाले.

भाऊजींनी समोरच्या न्हाव्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. एकाने दार फार दिवस बंद होतं म्हणून सांगितलं, दुसऱ्याला आठवत नव्हतं. मग भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा आपली अट मोडली. तारा घातल्या, कुलूप उघडलं. कोणी अडवलं नाही. काकांनी कुलूप त्यांच्या हातातून अलगद घेतलं, कोयंड्यात अडकवलं आणि दाबलं. भाऊजींनी पुन्हा उघडलं. काकांनी पुन्हा लावलं. मागे कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा भाऊजींची तार आत जाईना.

"राहू द्या, भाऊ," बाई म्हणाली. चहा तसाच खुर्चीखाली राहिला. दोन दिवस ती आमच्याकडे राहिली आणि लेकीकडे परत गेली.

पुढे सरकार आलं, नवं, नव्या गणवेशाचं. हवालदार येऊन आपली किल्ली घेऊन गेला. बाईने तिकडून तक्रार केली होती, म्हणून एक अधिकारी गल्लीत आला. आता तरी, असं मला वाटलं. मी आयुष्यभर भाऊजींच्या विरुद्ध सरकारची बाजू घेतली होती, त्याचं काहीतरी फळ मिळायला हवं होतं.

अधिकाऱ्याने दार वाकून तपासलं. बाईचं जुनं कुलूप भाऊजींनी जपून ठेवलं होतं, तेही उलटसुलट करून बघितलं.

"हे तर फोडलेलं नाही."

"मी उघडलं, साहेब."

"मारामारी? धमकी?"

"नाही."

"मालकिणीला विचारलं होतं?"

"शेजाऱ्यांना विचारलं होतं," भाऊजी म्हणाले. "साहेब, चोरी झाली आहे. मीच केली. मला आत टाका."

अधिकारी हसला. इतर ठिकाणी वस्त्याच्या वस्त्या जळाल्या आणि तुमच्या गल्लीत साधी काच तडकली नाही, म्हणाला. मग त्याने शेजाऱ्यांना विचारलं. सगळे शेजारी एकमुखाने बोलले. ताब्याचा दाखला काकांच्या मुलाला मिळाला, आणि चौकीची किल्ली सांभाळल्याबद्दल भाऊजींची पाठ थोपटली गेली.

त्यानंतर ताटावर बसून भाऊजी सरकारबद्दल काही बोलले नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. मी मुद्दाम खोडी काढून बघितली, पण ते जेवून खाली जायचे.

मागच्या महिन्यात मला बहिणीकडे जायचं होतं. भाऊजी एका कामासाठी परगावी निघाले होते, हेही माझ्यासोबत येणार होते. घर बंद राहणार. मी दुकानात उतरले आणि म्हणाले, "भाऊजी, वरच्या दाराला एखादं चांगलं कुलूप द्या ना."

त्यांनी मागे टांगलेल्या कुलपांकडे वळूनही बघितलं नाही.

"कुठलंही लावा, वहिनी," ते म्हणाले. "शेजारी चांगले आहेत."