शिरोळला गोबरगॅस पाहायला

परभणीच्या स्टँडवर गाडी लागली तरी दादाची समजूत पटली नव्हती. "स्थापत्याचा डिप्लोमा काय शेण कालवायला केलास?" माझी पिशवी खिडकीतून आत देत त्याने पुन्हा विचारलं. गोबरगॅस संयंत्रं बांधणाऱ्या एका संस्थेने मला आमच्या जिल्ह्यात पर्यवेक्षकाची नोकरी देऊ केली होती. दादाने औरंगाबादला एका बांधकाम ऑफिसातली जागा पाहून ठेवली होती. "आधी कोल्हापूरकडे आमचं काम बघून या, मग हो-नाही कळवा," असं संस्थेच्या साहेबांनी सांगितलं, म्हणून मी निघाले. नव्वदीचं दशक तेव्हा सरत आलं होतं.

सकाळी कोल्हापूरला उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. स्टँडसमोर मिसळ मागवली आणि वर कट (लालभडक तर्री) ओतून घेतला. आम्ही मराठवाड्यातली माणसं तिखट खातो, हा माझा समज पहिल्याच घासाला संपला. डोळ्यांतून धारा लागलेल्या बघून गल्ल्यावरचे मालक गरजले, "आरं, पावण्यास्नी दही द्या की!" सगळं हॉटेल माझ्याकडे वळून बघू लागलं.

शिरोळच्या गाडीत खिडकी मिळाली. शिरोलीच्या फाउंड्र्यांची धुराडी मागे पडली आणि मग दोन्हीकडे ऊसच ऊस. उघड्या माळांची सवय असलेल्या मला वाटलं, इथल्या लोकांना लांबचं काही दिसतं तरी का?

शिरोळला अक्काताई न्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, काटक, आवाज खणखणीत. विटा-सिमेंटची पाटी डोक्यावरून वाहता वाहता त्या संस्थेच्या शिबिरात गवंडीकाम शिकल्या आणि आता गोबरगॅसचे जमिनीखालचे विटांचे घुमट बांधत होत्या. "चला, मी वाटच बघत हुतो," त्या म्हणाल्या. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात. ऐकायला फार झोकात वाटतं.

मुक्काम त्यांच्याच घरी होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली नीट पुसून ठेवलेल्या थाप्या आणि ओळंबा. भाकरी आणि सुकटाची चटणी खाताना मी विचारलं, "तुम्ही हेच काम का धरलंत?"

"रोजगार हाय की," त्या म्हणाल्या. "आणि उद्या एका गावात मी बांधलेल्या गॅसवर शेगडी पेटवायची हाय, काय व्हतंय ते बघा आधी. शेगडी पेटली तर त्या गल्लीतली आणखी घरं काम देत्याली. न्हाय पेटली, तर बाईमाणसानं बांधलंय म्हणून हसत्याली."

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या एका गावात गेलो. घर लिंगायत शेतकऱ्याचं. सून महादेवी आणि तिची सासू. सासूला सगळे अव्वा (कानडीत आई) म्हणत. अव्वांनी मला पितळी तांब्यातून पाणी दिलं. अक्काताईंना मात्र सोप्यातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला काचेचा ग्लास. अक्काताई पाणी प्यायल्या, ग्लास विसळून जागेवर ठेवला आणि पदर खोचून कामाला लागल्या.

स्वयंपाकघरात नवी शेगडी मांडलेली होती. दारात शेजारणी जमल्या. अक्काताईंनी कॉक फिरवला, काडी लावली. ज्योत फुरफुरली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. "मी म्हणत नव्हतो?" अव्वा म्हणाल्या. "चूल बरी हाय आपली."

अक्काताईंचा चेहरा उतरला. साबणाचा फेस घेऊन त्यांनी एकेक जोड तपासला. कुठेच बुडबुडा नाही. "घुमट फुटला आसंल तर समदं उकरावं लागंल," त्या मला हळूच म्हणाल्या.

मी अंगणात गेले आणि गोठ्यापासून भिंतीच्या कडेने आलेल्या पाइपवर नजर लावली. मधे तो चांगलाच खाली वाकला होता. "अक्काताई, गॅसमधल्या वाफेचं पाणी इथं साठलं असेल का?" त्या धावत आल्या. "व्हय की! पर मी तर सरळ बसवलावता." महादेवीने जीभ चावली. "ओली लुगडी वाळत घातलीवती मी त्येच्यावर." शेजारणी हसत सुटल्या.

जोड सोडला तसं पाइपातून पाणी भळाभळा आलं. मी पाइप धरला, अक्काताईंनी तो पुन्हा उचलून पक्का ठोकला. मग काडी. निळी ज्योत गोल उभी राहिली आणि राहिलीच. धूर नाही, राख नाही.

अव्वांनी पुढे होऊन ज्योत वाकून बघितली. मग म्हणाल्या, "अक्काताई, पैला च्या तूच ठेव."

अक्काताई जागच्या हलल्या नाहीत. "डबं कुठं हाईत, ठावं न्हाय मला."

"त्या फळीवर. घे की तुझ्या हातानं."

चहा झाला. सगळ्यांना सारख्याच कपांतून.

परतताना उसाच्या बांधावरून चालताना अक्काताई आपणहून बोलल्या. "काल इचारलासा न्हवं? भिंती लै बांधल्या मी. घर झालं की वास्तुशांतीला कुणी हाक मारली न्हाय. ह्या कामाचा शेवट मातर चुलीपाशीच व्हतोय. आत न्हेल्याबगार भागतच न्हाय त्यास्नी." आणि मोठ्याने हसल्या.

परतीच्या गाडीत मी माझं उत्तर ठरवलं होतं. पुढे या कामात पुष्कळ माणसं भेटली. कुणाला गाव सोडायचं नव्हतं, कुणाला आईचे धुराने गेलेले डोळे आठवत, कुणाला नुसती यंत्रांची आवड. माझं कारण मला एका वाक्यात सांगता येत नाही. पाइपातून पाणी बाहेर आलं तेव्हा अक्काताईंनी माझा दंड घट्ट धरला होता, एवढं सांगते.

दादाला तेही सांगितलं. त्याला पटलं असं नाही. पण परभणीजवळ मी पहिलं संयंत्र बांधायला घेतलं, तेव्हा तो मोटारसायकलवरून आला, थोडा वेळ कुरकुरला आणि मग बादली घेऊन विटांवर पाणी मारू लागला.