मॅडमच्या आईचं वाक्य

मॅडम खोटं बोलतानाही पाठ ताठ ठेवायच्या. त्या वारल्याचं माझी नात सना हिने परवा सांगितलं, तेव्हा मला आधी ती पाठच आठवली. माझी तिशीतच वाकली होती.

मॅडम अमेरिकन. नवरा तेलकंपनीत, बंगला मस्कतच्या अझैब्यात. रत्नागिरीहून आलेली मी चौथी पास बाई त्यांच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला होते. हिंदी त्या माझ्याकडूनच शिकल्या. संध्याकाळी सहाला सगळ्यांनी टेबलावर बसायचं, साहेबांनी प्रार्थना म्हणायची, मगच जेवण. "आईने मुलांजवळच असावं," हे रोज ऐकवायच्या. माझी मुलगी तेव्हा डोंगरापलीकडे अल अमेरातला, आमच्या वस्तीत शेजारणीकडे जेवत असायची. एकदा मी म्हटलंच, "मॅडम, मीही कुणाची तरी आई आहे." म्हणाल्या, "तुझी गोष्ट वेगळी."

मला त्यांचा हेवा वाटायचा. बंगल्याचा नाही. त्या बोलायला लागल्या की माणसं गप्प बसायची, याचा.

एकदा त्यांचा मुलगा खरकटं ताट तसंच टाकून उठला. मी ओरडले, "ए, आपलं ताट आपण उचल! घासणारीलाही जेवायचं असतं." वाटलं, आता नोकरी खलास. पण मॅडमनी वही आणली. "परत बोल." मी बोलले, त्यांनी लिहून घेतलं.

पुढे ते कुटुंब परत गेलं. तिकडे मॅडम जुन्या वळणाच्या पक्षाकडून उभ्या राहिल्या आणि दर खेपेला निवडून येत गेल्या. सनाने एकदा फोनवर त्यांचं भाषण लावलं.

"नानी, ती बोलते, माझी मदर म्हणायची, आपलं ताट आपण उचल. गव्हर्नमेंटने कुणाचं ताट उचलायचं नाही."

हॉलभर माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

"आणि घासणारीचं?"

"ते नाही बोलली."

माझं वाक्य अर्धं कापून ही बाई आमदार झाली होती, आणि माझ्या जागी तिची आई.

गेल्या वर्षी मॅडम मस्कतला आल्या आणि पत्ता शोधत माझ्या घरी आल्या. केस पांढरे, पाठ तशीच. सुरमईचं कालवण आणि भात दोनदा मागून जेवल्या. मी विचारलं, "तुमची आई कधी म्हणाली हो असं?"

"स्वयंपाकीण म्हणाली असं सांगितलं असतं, तर कुणी टाळी वाजवली नसती."

"आणि उरलेलं अर्धं?"

"त्याला मत मिळत नाही."

चेहऱ्यावर लाज नाही, काही नाही. पण निदान हे तरी खरं बोलल्या.

मग उठल्या. आपलं ताट उचललं, माझंही उचललं आणि घासायला लागल्या. सिंक माझ्या उंचीचं, त्यांना चांगलंच वाकावं लागलं. मी अडवलं नाही. खुर्चीत बसून बघत राहिले.

कडा तेलकटच राहिल्या होत्या. त्या गेल्यावर मी दोन्ही ताटं पुन्हा घासली.