माशाचं तोंड गोड

आमच्या घरात मासा आला तो आई तुरुंगात गेली म्हणून. विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात तिला धरून नेलं तेव्हा मी लहान होते, आणि आई दिसेपर्यंत जेवणार नाही असा हट्ट धरून बसले होते. बाबा चिकलठाण्याला एका बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होते. तिथल्या एका साहेबांची बदली झाली होती आणि त्यांची माशांची काचेची टाकी कुणालाच नको होती. बाबांनी ती गोणपाटात गुंडाळून सायकलवरून घरी आणली, तीत एक नारिंगी गोल्डफिश सोडला आणि मला म्हणाले, "हा जेवला की तू जेवायचं." मासा भलताच अधाशी निघाला. त्याच्या नादानं मीही जेवायला लागले.

आई सुटून आली. दारातच उभी राहून तिनं टाकीकडं बघितलं आणि म्हणाली, "मी तिकडं जेलात, आन तुमी हितं मासे पाळता व्हय?"

पुढं कित्येक वर्षं ती त्याला 'तुमचा मासा' म्हणत राहिली. त्याच्या सोबतीला आणखी बारके मासे आले, पण तिनं टाकीला कधी बोट लावलं नाही. बाबा मात्र कामावरून आले की बूट काढायच्या आधी टाकीपुढं जाऊन उभे राहत. मशीनच्या घरघरीनं त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यामुळं माशाच्या कानात ते जे काही हळूच सांगत, ते सगळ्या गल्लीला कळायचं.

नामांतर झाल्याची बातमी आली तेव्हा मी कॉलेजात होते. सगळी वस्ती रडली, नाचली, एकमेकांच्या गळ्यात पडली. बाबा तर लहान पोरासारखे रडले. आई रडली नाही. तिनं पदर खोचला आणि घर धुवायला काढलं. आमच्याकडं मोठा आनंद झाला की आधी घर घासून निघतं. भिंतींना चुना झाला, भांडी झाली, गोधड्या झाल्या, खिडकीचे गज झाले, आणि मग तिची नजर टाकीवर गेली. मासे बादलीत काढून तिनं तळाचे खडे धुण्याच्या सोड्यात उकळले, काच राखेनं घासली आणि पाणी गाळणाऱ्या पंपाच्या डबीतला काळाकुट्ट स्पंज नाक मुरडून उकिरड्यावर फेकला. मग नळाचं ताजं पाणी भरलं. टाकी अशी लखलखली की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. बाबा घरी आले आणि बघतच राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्यांच्या माशाचं काही केलं होतं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

मग पाहुणे सुरू झाले. फुलंब्रीकडचे मामा-मामी आले, आईबरोबर जेलात गेलेल्या बायका आल्या. ज्याच्या त्याच्या हातात पेढे नाहीतर बुंदी. एका बाईंनी विचारलं, "ह्योच का गं तो, तू आत असताना आलेला?" आई ऐटीत म्हणाली, "व्हय, ह्यो बी नामांतराच्या टायमाचाच हाय. ह्याचं बी तोंड गोड करा." आणि तिनं स्वतः पेढ्याचा कण पाण्यात टाकला. माशानं तो गट्ट केला. झालं! येणाऱ्या प्रत्येकीनं आधी आमचं तोंड गोड करायचं आणि मग माशाचं. त्याला पुरून उरलेली बुंदी खड्यांत जाऊन बसली.

चार-दोन दिवसांत बारके मासे तळाशी निपचित पडले. जुना मासा पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकू लागला. त्याचे कल्ले लालभडक झाले होते, शेपटीत रक्ताच्या रेषा उमटल्या होत्या. एका सकाळी एक बारका मासा उलटा तरंगताना दिसला. आईनं तो काढून कुंडीत पुरला आणि टाकीसमोर येऊन बसली.

"इतकी वर्सं टिकला, आन आता मरतो व्हय?" ती म्हणाली. "आता, समदं झाल्यावर? माज्या हातानं?"

मला तिची फार कीव आली. बाबा तिला एका शब्दानं बोलले नव्हते, आणि तेच तिला जास्त लागत होतं. तो मासा काहीही करून जगायला हवा होता.

बाबांना घेऊन मी क्रांती चौकाजवळच्या मासेवाल्याकडं गेले. त्यानं विचारलं, "खिलाए क्या?" बाबांनी मान खाली घालून सांगितलं, पेढे. "पेढे?" तो ओरडला. "मच्छी की शादी थी क्या, चचा? पानी में अमोनिया हो गया तुम्हारे."

इथं बाबा भडकले. बर्फाच्या कारखान्यातलं गारठ्याचं मशीन चालतं ते अमोनियावरच. "मला अमोनिया शिकवतो का? रोज नाकात असतो माझ्या. असता तर डोळ्यांतून धारा लागल्या असत्या, घर सोडून पळालो असतो आम्ही!"

"तुम तो भाग जाते, चचा," तो म्हणाला. "मच्छी किधर भागेगी?"

बाबांना ते पटलं. कारखान्यात एकदा पाइप फुटला होता, तेव्हा तोंडाला ओलं फडकं लावून ते बाहेर पळाले होते, आणि तरी त्यांचा घसा किती दिवस जळत होता. मासेवाला मग नीट बोलला. माशांच्या घाणीतून, सडलेल्या खाण्यातून पाण्यात हे विष तयार होतं. वास येण्याइतकं नसलं तरी माशाला पुरतं. ते खाऊन टाकणारे बारीक जीव खड्यांवर आणि त्या काळ्या स्पंजात राहतात. आईनं नेमके तेच उकळून, फेकून दिले होते. त्यानं आपल्या जुन्या टाकीतला एक मळका स्पंज पिशवीत घालून दिला. खाणं बंद, रोज थोडं थोडं पाणी बदला, पण नळाचं ताजं नको, त्यात औषध असतं, रात्रभर भरून ठेवलेलं घ्या, आणि चिमूटभर खडेमीठ.

मळका स्पंज बघून आईचा जीव वरखाली झाला. "येवढं घासून-पुसून ठेवलं, आन आता लोकाच्या घरची घाण आणून टाकू?" पण टाकला तिनंच.

पाण्याचंही उलटंच झालं. नळ दिवसाआड यायचा, आणि आला की आदलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं, हा गल्लीतला रिवाज. आता आई कळशी घेऊन दारोदार विचारू लागली, "शिळं पाणी हाय का गं थोडं?" बायका हसायच्या, पण ठेवायच्या. लाईट गेली की पंप बंद पडायचा. मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून बाबा स्टुलावर बसून मगानं टाकीतलंच पाणी वरून टाकीत सोडत राहायचे. ते दमले की त्यांच्या हातातला मग आई घ्यायची. दोघं अशी एका कामाला लागलेली मी क्वचितच पाहिली होती, आणि खरं सांगायचं तर काळजीच्या त्या दिवसांतही मला घरात बरं वाटत होतं.

हळूहळू कल्ल्यांची लाली उतरली. मासा धापा टाकायचा थांबला. मग एका दुपारी बाबांनी भीतभीत एक दाणा टाकला. मासा वर आला, दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला.

आई मटकन खाली बसली आणि हमसून रडायला लागली. जेलातून आली तेव्हा ती रडली नव्हती, बातमी आली तेव्हाही नाही. मी घाबरून म्हणाले, "अगं, वाचला ना तो!" बाबांनी हातानंच मला थांबवलं.

"रडू दे," ते हळूच म्हणाले, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "आज सुटून आली ती."

शेजारच्या काकूंनी लगेच दारातून डोकावून विचारलं, "कोण आलं सुटून?"

आई रडता रडता हसली. पदरानं डोळे पुसून तिनं टाकीकडं बोट केलं.

"आमचा मासा," ती म्हणाली.