अकरा वर्षं अडलेलं वाक्य

बसच्या डेपोत फाटलेल्या सीटा शिवणाऱ्या बाईंना सगळे मागून ‘दाभण’ म्हणत. हातात कायम दाभण असायचा म्हणून, आणि जीभही तशीच म्हणून. बाईंना ते ठाऊक होतं.

वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी मात्र त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकत. घरी येऊन खिडकीशी खुर्ची ओढायची, दिवा लावायचा नाही, फोन बंद. उजेड सरेपर्यंत वर्षभरात कोणाकोणाला दुखावलं ते मोठ्याने बोलायचं. आपलंच बोलणं आपल्या कानांवर पडलं की पळवाट उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची माफी मागायची. कधी ड्रायव्हरची, कधी शेजारणीची.

धाकट्या बहिणीचं नाव तेवढं अकरा वर्षं ओठांवर येऊन मागे फिरत होतं. आई गेली तेव्हा बहीण उशिरा पोचली. बाईंनी चारचौघांत सुनावलं, “आता आलीस? वाट बघून गेली ती.” खरं तर आई अत्यवस्थ असल्याचा फोन बाईंनीच दोन दिवस केला नव्हता. आजारपण मी काढायचं आणि कौतुक हिचं, हा राग. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

यंदा बाईंची साठी उलटली. समोरची छपरं काळवंडत आली आणि त्या एकदम बोलून गेल्या, “फोन मी केला नाही.” खोलीत कोणी नव्हतं, तरी त्यांनी वळून दाराकडे पाहिलं.

सकाळी बहिणीच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं.

बहीण कडीला धरूनच उभी राहिली. “अकरा वर्षं मी स्वतःला खातेय, ताई. आधीची बस धरली असती तर, म्हणून. आणि तू हे आज सांगतेस?”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणे! दूध उतू गेलं की चुकलं म्हणतात. जा तू.”

दार लागलं. बाईंनी पुन्हा बेल वाजवली नाही.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बहीण डेपोत आली. डोळे सुजलेले. उसवलेल्या सीटांच्या ढिगावर बसली.

“माफ केलेलं नाही,” ती म्हणाली.

“बरं.”

“त्या दोन दिवसांत आई काय काय बोलली, ते सांग. एक शब्दही गाळायचा नाही.”

बाईंनी डबा बंद केला आणि सांगायला सुरुवात केली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी दोघी उठल्या नाहीत.